लातूरच्या माणसाने समुद्राच्या उतारावर घर बांधायचं तर

माझ्या लातूरच्या ऑफिसात कोकणातल्या घराचं काम घेऊन येणारे बहुतेक जण आधी मोबाईल पुढे करतात. फोटो ठरलेला. कड्यावर पांढरा चौकोनी डबा, पुढे अखंड काच, खाली निळा समुद्र. छप्पर दिसत नाही, वळचण नाही, पन्हळ नाही. घर देखणं असतं यात वाद नाही. पण ते ग्रीसच्या एखाद्या बेटावर असतं आणि तिथे वर्षाला आपल्या लातूरपेक्षाही कमी पाऊस पडतो. आपल्याकडे साल बरं गेलं तर ७००-८०० मिलिमीटर. दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर ३००० च्या वर, तेही चार महिन्यांत, वाऱ्याने आडवा होऊन.

आपण सगळे पाणी अडवण्यात वाढलो. बांध घाला, चर खोदा, नाला अडवा, विहीर भरा. उतारावरच्या कोकणी जागेत हीच सवय घर पाडते. तिथे पाण्याला घराला वळसा घालून वाट काढून द्यायची असते. घराचा नकाशा त्यानंतर काढायचा. नळदुर्ग किल्ल्यातला, धरणाच्या भिंतीच्या पोटात बांधलेला पाणी महाल आठवा. बोरी नदीचं पाणी नर-मादीच्या सांडव्यांवरून कोसळत असतं आणि आत माणूस कोरडा उभा असतो. बांधणाऱ्याने पाण्याची वाट आधी ठरवली होती म्हणून ते जमलं.

जागा जुलैत बघा

दलाल जागा मे महिन्यात दाखवतो. आंबे असतात, आभाळ निळं असतं, जमीन खडखडीत असते. बघून या, पण इसार देऊ नका. जुलैच्या मध्यानंतर, दोन दिवस संततधार लागल्यावर गमबूट घालून पुन्हा जा. वरच्या डोंगरातलं पाणी जागेत कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं ते खडूने दगडांवर खुणा करत बघा. जमिनीतून झरा फुटलाय का, जुने दगडी बांध पोटातून फुगलेत का, झाडांची खोडं बुंध्याशी वाकून मग सरळ झालीत का, हेही बघा. अशी वाकलेली खोडं म्हणजे वरची माती हळूहळू खाली सरकतेय. आणि उताराच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी भेग दिसली तर व्यवहार तिथल्या तिथे सोडा, भाव कितीही पडलेला असो.

यामागचं कारण जमिनीच्या पोटात आहे. वर तांबडा, छिद्राछिद्रांचा जांभा. त्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ चिकणमातीसारखा थर. त्याखाली काळा कातळ. जांभा पाणी पिऊन खाली सोडतो, ते मऊ थरावर साचतं आणि थराची पकड सुटते. जांभा आपल्या उदगीर-बीदरच्या माळावरही आहे, म्हणून आपले लोक म्हणतात, 'मॅडम, हा दगड आमच्या ओळखीचा आहे.' दगड ओळखीचा, पाऊस नव्हे. महाडजवळचं तळिये २२ जुलै २०२१ ला दरडीखाली गेलं, खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. दोन्ही गावं समुद्रकाठची नाहीत, पण उतार आणि मुसळधार पाऊस यांचं गणित सगळीकडे तेच. जागेची माती तपासणी, म्हणजे बोअर घेऊन थर बघणं, याचे पैसे वाचवणारा माणूस नंतर संरक्षक भिंतीत त्याच्या कित्येक पट ओततो.

कायद्याच्या दोन गोष्टी आधीच विचारून घ्या. २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असतं. दाट वस्तीच्या गावांत ते ५० मीटर. आपलं गाव कशात मोडतं ते जिल्ह्याच्या मंजूर किनारा आराखड्यावर बघायचं, दलालाच्या तोंडावर नाही. दुसरी गोष्ट, राज्याच्या २०२० च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र उताराची जागा बांधकामाला अपात्र आहे. म्हणजे पाच मीटर चाललं की एक मीटर उतरणारी जमीन ही हद्द. जागा एकूण तीव्र असली तरी तिच्यात एखादा निवळलेला पट्टा असतो. घर तिथे, बाकी झाडं. असा पट्टा नसेल तर ती जागा फोटो काढायला ठेवा.

घर आडवं टाका

टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने जागा मोजून उंचीच्या दर अर्ध्या मीटरला समपातळी रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढून घ्या. झाडं, कातळाचे उघडे तुकडे, पाण्याच्या वाटा, सगळं त्या कागदावर हवं. मग पेन्सिलने घर ठेवून बघायचं.

इथे एक साधा हिशोब आहे आणि मी तो प्रत्येकासमोर करते. समजा घर १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद, उतार १:६. घराची लांबी समपातळी रेषांना धरून ठेवली तर घराच्या मागच्या आणि पुढच्या भिंतीत एक मीटरचा फरक पडतो. एक मीटर म्हणजे मागे थोडं कापा, पुढे जोतं थोडं उचला, झालं. तेच घर नव्वद अंशांत फिरवून उताराच्या दिशेने टाकलं तर फरक अडीच मीटर. म्हणजे जवळजवळ एक मजला खोदायचा किंवा भरायचा. घर तेच, खोल्या त्याच, खर्च कुठच्या कुठे. शिवाय आडव्या, निमुळत्या घरात प्रत्येक खोलीला समुद्र मिळतो आणि वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जातो.

एका डाळमिलवाल्या काकांना हे काही पटेना. 'मॅडम, डोंगर कापून सपाट करून घेऊत की. जेसीबी घरचाच आहे.' मी त्यांना विचारलं, 'काका, कापलेली माती टाकणार कुठे?' ते म्हणाले, 'पुढं. अंगण होईल.' हेच तर भ्याव आहे. पुढे ढकललेली सैल माती म्हणजे भराव, तो पहिल्या पावसात बसतो, दुसऱ्या पावसात सरकतो आणि त्याच्यावर बांधलेला ओटा घेऊन खालच्या माणसाच्या बागेत जातो. भरावावर घराचा एकही पाया येता कामा नये. झाडं लावा, हवं तर झोपाळा टांगा, पण पाया मूळ जमिनीत, शक्यतो कातळात.

जास्त उतार असेल तर घर दोन पातळ्यांत मोडा. आत चार-पाच पायऱ्या आल्या की खोदाई निम्मी होते. मात्र आई-वडील सोबत राहणार असतील तर त्यांची खोली, स्वयंपाकघर, देवघर आणि एक संडास रस्त्याच्याच पातळीवर. रस्ता बहुधा वर असतो. मग वरून घरात शिरायचं आणि पोराबाळांच्या झोपायच्या खोल्या खाली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला समुद्र बघायला जिना उतरावा लागला तर तो समुद्र दोन दिवसांत परका होतो.

खांबांवर उचललेलं घर

फोटोत हे फार सुंदर दिसतं आणि जमिनीलाही ते मानवतं, कारण पाणी खालून निघून जातं. पण इंजिनिअरला एक प्रश्न नक्की विचारा. उतारावर डोंगराकडचे कॉलम आखूड, समुद्राकडचे उंच. जमीन हादरली की आखूड कॉलम ताठ असल्यामुळे सगळा जोर तेच अंगावर घेतात आणि आधी फुटतात. आखूड कॉलमांचं काय केलंय, उंच कॉलम मधे बीमने एकमेकांना बांधलेत का, खालच्या बाजूला एखादी काँक्रीटची भिंत दिलीय का, याचं उत्तर ड्रॉइंगवर दिसलं पाहिजे. 'काही होत नाही' हे उत्तर नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आठवणाऱ्या माणसाला हे जास्त समजवावं लागत नाही. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर माळवदाची मणामणाची माती, यांनी आपली माणसं नेली. म्हणून कोकणात घर बांधतानाही लातूरकर हलकं छप्पर चटकन मान्य करतो. ते बरंच आहे.

संरक्षक भिंत आणि वरचा चर

संरक्षक भिंत घराची भिंत म्हणून वापरू नका. दोन्हींत निदान एक मीटरची मोकळी गल्ली ठेवा. तळाला उतार दिलेलं उघडं गटार. त्या गल्लीत माणूस शिरून झाडू मारू शकला पाहिजे. ही गल्ली वाचवून बेडरूम मोठी केली की त्या बेडरूमच्या भिंतीला दरवर्षी बुरशी येणार. मग तुम्ही वॉटरप्रूफिंगवाल्याला पोसत बसणार.

भिंत तीन मीटरची एकच करण्यापेक्षा दीड-दीड मीटरच्या दोन करा, मधे पुरेसं अंतर ठेवून पायरी सोडा. भिंतीवरचा मातीचा एकूण जोर उंचीच्या वर्गाने वाढतो. उंची निम्मी केली की एका भिंतीवरचा जोर चौथाईवर येतो. भिंतीमागे माती थेट भिडवायची नाही. आधी खडी, खडी आणि मातीच्या मधे जिओटेक्सटाईल, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, आणि भिंतीत ७५ ते १०० मिलिमीटरचे पाइप, बाहेरच्या बाजूला किंचित कलते, दर दीड मीटरवर. गवंडी त्यांना वीप होलच म्हणतो. एका शेजारच्या बंगल्यात भिंत गुळगुळीत दिसावी म्हणून ही भोकं गिलाव्यात बुजवली होती. पुढच्या पावसाळ्यात भिंत मधोमध फुगली आणि गिलाव्याला आडवी चीर पडली. भोकांतून गळणारं तांबडं पाणी भिंतीवर ओघळ काढतं, ते काढू दे. ओघळ दिसत नाहीत तेव्हा काळजी करायची.

आता चराचं. आपल्याकडे माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर खोदतात. चराला उतार देत नाहीत कारण पाणी जागच्या जागी मुरायला हवं. ज्यांनी गावात श्रमदान केलंय ते कोकणातल्या प्लॉटवरही उत्साहाने घराच्या वर तसाच चर मारतात. असं करू नका. घराच्या वर मुरलेलं पाणी त्या मऊ थरापर्यंत जातं आणि सगळा उतार जड करतं. इथला चर वेगळा हवा: घराच्या वरच्या अंगाला, संरक्षक भिंतीच्या माथ्यापासून मागे, दगडाने किंवा काँक्रीटने तळ बांधलेला आणि १०० ला एक असा उतार दिलेला. त्याचं तोंड प्लॉटच्या कडेने मूळ ओघळात, दगडी पायऱ्यांवरून वेग मोडत उतरलं पाहिजे. पाणी शेजाऱ्याच्या प्लॉटवर सोडाल तर भांडण एका पिढीत मिटत नाही. मुरवायचंच असेल तर घराच्या खाली, लांब मुरवा. शोषखड्ड्यालाही हाच नियम: घराच्या आणि विहिरीच्या खालच्या बाजूला, आणि कुठल्याही संरक्षक भिंतीच्या डोक्यावर नाही.

अडवायची हौस भागवायची जागा म्हणजे छप्पर. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३ लाख लिटर. सगळं साठवायची गरज नाही, पण एप्रिल-मेमध्ये कोकणातही टँकर फिरतात, तेव्हा २०-२५ हजार लिटरची टाकी कामाला येते. एवढं पाणी म्हणजे २०-२५ टन वजन. टाकी कातळावर बसवा, आणि तिचा सांडवा त्याच बांधलेल्या चरात जोडा.

छप्पर लपवू नका

मिनिमल म्हणजे काय, यावर माझं मत सरळ आहे: जितके सांधे कमी तितकं घर मिनिमल. कठड्यामागे लपवलेलं सपाट छप्पर फोटोत साधं दिसतं, पण त्याच्यात कठड्याचा सांधा, पाइपाचं तोंड, उताराचा गिलावा आणि वॉटरप्रूफिंगची जोडणी अशी पन्नास ठिकाणं गळायला तयार असतात. एकच सलग उतरतं छप्पर, मधे पन्हळीची खोबण नाही, स्कायलाइट नाही, चिमणी नाही. हे खरं साधं. आपलं माळवद आपल्या पावसाला शोभतं. तिथे नेऊ नका.

एक पेच मात्र खरा आहे. आडव्या पावसाला वळचण लांब हवी, आणि वाऱ्याला ती आखूड हवी, कारण वादळ वळचणीखाली शिरून छप्पर वर उचलतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं तेव्हा पत्रे आणि कौलं उडून घरं उघडी पडली. यावर उपाय आहे. मुख्य छपराची वळचण पाऊणएक मीटरवर थांबवा आणि पडवीचं छप्पर वेगळं, भिंतीत खालच्या पातळीवर टेकवा. पडवी उडाली तर उडाली, घरावरचं शाबूत राहतं. छपराचा उतार ३० अंशांच्या जवळ ठेवला तर वारा कमी उचलतो आणि मंगळुरी कौलांनाही तो सोसतो. वासे भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला (बँडला) लोखंडी पट्ट्यांनी जखडा, कडेच्या दोन ओळींची कौलं तारेने किंवा स्क्रूने बांधा. पत्रा घालणार असाल तर कडेला स्क्रू दाट.

भिंती, काच, लोखंड

अलिबागच्या बाजूच्या नांदगावचं पाल्मायरा हाऊस, स्टुडिओ मुंबई या वास्तुरचनाकारांच्या संस्थेने २००७ मध्ये पुरं केलेलं, आधी बघा. ते सपाट नारळीबागेत आहे, उतारावर नाही. पण काचेऐवजी ताडाच्या लाकडी पट्ट्यांनी वारा, सावली आणि आडोसा कसा मिळवलाय ते शिकण्यासारखं आहे. पश्चिमेकडे जमिनीपासून छतापर्यंत काच लावली की दुपारी तीनपासून सूर्य खोलीत मुक्कामाला येतो, आणि खाऱ्या हवेचा थर बसून समुद्र धुरकट दिसतो. खोल पडवी, तिच्यामागे सरकत्या लाकडी झडपा, आणि बसल्या जागी डोळ्याच्या उंचीला येईल अशी एक लांब, बुटकी खिडकी. एवढं पुरे. रोज पुसायला माणूस नसेल तर त्याहून जास्त काच घेऊच नका.

जांभ्याचा चिरा तिथेच मिळतो, हवेत राहून कडक होतो आणि गिलाव्याशिवाय शोभतो. समुद्राकडच्या भिंतीला मात्र पडवीचा आडोसा हवाच, नुसता चिरा आडवा पाऊस पितो. काँक्रीट असेल तिथे आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या हवेसाठी एम-३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. थेट तुषार येत असतील तर एम-३५ आणि ५०. लातूरच्या स्लॅबला चालणारं २० मिलिमीटर कव्हर तिथे सळईला गंज चढवतं, सळई फुगते आणि काँक्रीट ढलप्यांनी गळतं. सळई वर उचलून धरणारे कव्हर ब्लॉक बांधलेत का, ते काँक्रीट ओतायच्या आधी स्वतः वाकून बघा. ओतल्यावर बघायला काही उरत नाही. वाळू आणि पाणी खारं नाही याची खात्री करा. कठडे, बिजागऱ्या, स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे. ३०४ वर तिथे तांबूस डाग पडतात. किंवा कठडाच चिऱ्याचा करा, म्हणजे गंजायला काही राहत नाही.

आतल्या साधेपणासाठी परदेशात बघायची गरज नाही. आपल्या वाड्यांत भिंतीतल्या देवळ्या, खुंट्या आणि बसायचा ओटा एवढ्यावर संसार चालायचा. चिऱ्याच्या भिंतीत देवळ्या ठेवा, ओटा बांधा. प्लायवूड आणि एमडीएफची कपाटं कोकणातला दुसरा पावसाळा बघत नाहीत.

बांधायचा क्रम, आणि बंद घर

दिवाळी झाली की खोदाई. कापलेला उतार उघडा ठेवून पावसाळ्यात जायचं नाही. म्हणून संरक्षक भिंत आणि वरचा चर आधी, घराचा पाया नंतर, आणि मेअखेर डोक्यावर छप्पर. एवढं एका हंगामात बसत नसेल तर पहिल्या वर्षी फक्त भिंत, चर आणि रस्ता करा. एक पावसाळा जाऊ द्या. जमीन कुठे बसली, पाणी कुठे फुटलं ते कळतं, आणि नकाशा बदलायला अजून वेळ असतो. रस्त्यापासून खाली सगळं डोक्यावरून उतरवावं लागतं. हमालीचा आकडा अंदाजपत्रकात वेगळा मांडा, तो घाबरवणारा असतो.

शेवटचं, आपलं घर तिथे बहुतेक बंदच असणार. दिवाळीत चार दिवस, मेमध्ये पंधरा. बंद घराला श्वास हवा: छताजवळ आणि जोत्याजवळ जाळीच्या झडपा, कपाटांना मागची फळी नाही, गाद्या उचलून ठेवायला तारा. गावातला एक माणूस पगारावर ठेवा आणि त्याच्याशी काम नेमकं बोलून घ्या: मेच्या शेवटच्या आठवड्यात वरचा चर, मागची गल्ली, पन्हळी आणि वीप होल साफ, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला एक चक्कर आणि संरक्षक भिंतीचा फोटो व्हॉट्सअॅपवर. फोटो दरवेळी त्याच जागी उभं राहून काढायला सांगा, म्हणजे भिंत हलली तर दोन फोटो शेजारी ठेवून लातुरात बसूनही दिसेल.